जागृती झाली, आता वर्गणी काढा

पाच नोव्हेंबर हा वनाभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि बारा नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने २०२० मध्ये पक्षी सप्ताह म्हणून ठरवला, ते उत्तमच झाले. त्या आठवड्यात शाळांतून चित्रकला स्पर्धा होतात, तळ्याकाठी दुर्बिणी निघतात, पाहुणे चार शब्द बोलतात आणि बातमीच्या शेवटी ‘पक्ष्यांविषयी जनजागृती करण्यात आली’ हे वाक्य न चुकता येते. इतकी जागृती होऊनही अजून कोण झोपले आहे, हे एकदा बघायला हवे. मीरा रोडच्या शांती नगरातला माणूस तरी झोपलेला नाही. उन्हाळा लागला की इथल्या गॅलऱ्यांच्या कठड्यांवर पाण्याची भांडी दिसू लागतात. संक्रांतीला मांज्याने कापलेला पक्षी सापडला तर तो खोक्यात घालून डॉक्टरकडे नेणारे निघतात. कबुतरांना दाणा घालणारे तर आहेतच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दाणा घालणे थांबवायला दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा मुंबईभर जो गदारोळ उठला, त्यातून एक गोष्ट दिसली: पक्ष्यासाठी खिशात हात घालणारी माणसे या शहरात भरपूर आहेत.

फक्त तो पैसा जातो दाण्यात, आणि दाणा जातो कबुतराच्या पोटात. कबुतराचे ठीक चालले आहे. ज्यांचे ठीक नाही ते शांती नगरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मिठागरात उभे आहेत.

मिठागर लांबून नुसते पांढरे-करडे मैदान दिसते; बांधावर उभे राहिल्यावर त्याची रचना कळते. भरतीचे पाणी आधी मोठ्या कोंडीत घेतात, तिथून ते उथळ वाफ्यांत सोडतात, आणि मीठ धरते ते अगदी शेवटच्या वाफ्यात. त्या शेवटच्या वाफ्यात पक्ष्याला खायला फारसे काही नसते. आधीच्या वाफ्यांत मात्र दर बांधापलीकडे पाण्याची खोली बदलते, आणि खोलीप्रमाणे पक्षी बदलतो. नुसत्या ओल्या चिखलावर चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, टिपतो. घोटाभर पाण्यात तुतवार असतात, शेपटी सतत वरखाली करणारे. त्याहून खोल पाण्यात शेकाट्या, लालभडक काड्यांवर पांढरे अंग ठेवावे तसा, सुईसारखी काळी चोच घेऊन एकेक पाय मोजून टाकतो. ही सगळी सोय पक्ष्यांसाठी कुणी केलेली नाही. मीठ पिकवणाऱ्यांनी बांध राखले, पाणी वेळेवर घेतले, वेळेवर सोडले, त्यातून ती झाली. मीठ बंद पडले की पाण्याला वाली राहत नाही. मग वाफा एकतर तिवरांनी भरून जातो किंवा कोरडा पडून राडारोड्याच्या डंपरची वाट पाहतो.

आता गंमत अशी की कायद्याच्या लेखी ही पाणथळ जागाच नव्हे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून मिठासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतच वगळल्या आहेत. शेकाट्याने हे राजपत्र वाचलेले नाही, म्हणून तो अजून येतो. किनाऱ्यालगतच्या बांधकामांना आवर घालणारे नियम आहेत, तेवढाच काय तो आधार. मिठागरांवर डोळा किती आहे हे सांगायला नको. धारावीच्या पुनर्वसनासाठी मुंबईतली २५० एकरांहून अधिक मिठागराची जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झालाच. भाईंदरची पाळी येणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी उत्तनजवळच्या डोंगरीकडे पाहावे. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली बारा हजारांवर झाडे तोडण्याची नोटीस २०२५ मध्ये निघाली होती. वर्सोवा-भाईंदर सागरी रस्त्याच्या वाटेतल्या कांदळवनांचा हिशेब तर हजारांच्या पटीत आहे.

अशा वेळी जागृतीचा उपयोग बेताचाच. उपयोग होतो कागदाचा. अमुक वाफ्यात अमुक तारखेला अमुक जातीचे इतके पक्षी होते, आणि हे दहा वर्षे दर हिवाळ्यात होते, असे दाखवता आले तर न्यायालय ऐकते, निदान ऐकून घ्यावे लागते. मुंबईतली कांदळवने आज जेवढी उरली आहेत तेवढी उरण्यामागे बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपची याचिका आहे. तिच्यावर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि अंतिम निकाल आला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. मधली तेरा वर्षे ते प्रकरण कोर्टात चालले. तेरा वर्षे नकाशे, फोटो, प्रती, प्रतिज्ञापत्रे यांना पैसे लागतात. भाषणांना लागत नाहीत, म्हणून भाषणे अधिक होतात. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि आजही ती बहुतांशी हौशी माणसांच्या पदरमोडीवर चालते. चांगली स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी न्याहाळायची दुर्बीण, घ्यायची तर मध्यमवर्गीय घरात दोन दिवस तरी बोलणी बंद होतात.

तेव्हा शांती नगरातून एक पायी यात्रा निघावी, आणि ती पैसे जमवण्यासाठीच निघावी. हे उघड म्हणायला आपण लाजतो. पायी चालण्याची या मुलखाला नवलाई नाही. पंढरीची वारी सोडा, इथल्याच गल्ल्यांतून शिर्डीच्या पालख्या निघतात, जैन साधुसाध्वींचा विहार तर वर्षभर चालू असतो. निसर्गासाठीही आपण चाललो आहोत. नोव्हेंबर १९८७ मध्ये ‘पश्चिम घाट बचाओ’ पदयात्रेची एक तुकडी नवापुराहून आणि दुसरी कन्याकुमारीहून निघाली, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये दोन्ही गोव्यात भेटल्या. जगदीश गोडबोले, कलानंद मणी यांच्यासारखे कार्यकर्ते त्यामागे होते. आज पश्चिम घाटावर जी काही चर्चा होते तिचे एक मूळ त्या पदयात्रेत आहे. पण तो काळ जागृती करण्याचा होता, कारण घाट म्हणजे काय ते बहुतेकांना खरोखरच ठाऊक नव्हते. आज शांती नगरातल्या पाचवीच्या पोरालाही तिवराचे महत्त्व पाठ आहे. परीक्षेत चार गुणांना येते.

पैशासाठी पक्षी मोजण्याची रीत परदेशात जुनी आहे. कॅनडात १९७६ पासून लोक एका दिवसात जितक्या जातींचे पक्षी पाहतील तितक्या पटीने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून देणगी घेतात. न्यू जर्सीत १९८४ मध्ये अशी चढाओढ सुरू झाली तेव्हा खुद्द पक्षितज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन एका चमूत होते. पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून हे झटकून टाकता येणार नाही, कारण मुंबई मॅरेथॉनमध्ये २००४ पासून आपलीच माणसे पळतात आणि त्या निमित्ताने संस्थांसाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात. पळणाऱ्याला जे जमते ते दुर्बीणवाल्याला का जमू नये?

एक अडचण खरी आहे. पक्षी पाहणारा माणूस चालत नाही, थांबतो. तांबट कुठे ठोकतोय ते शोधण्यात त्याचा अर्धा तास जातो, आणि लांबचा पल्ला त्याच्या स्वभावात नाही. म्हणून वर्गणी दोन्हींवर लावावी: किलोमीटरमागे काही, जातीमागे काही. मग पाय ओढणारा आणि मान वर करून उभा राहणारा, दोघांचीही सोय होते. वाट इथे आयती आहे. शांती नगरातून पूर्वेची मिठागरे, तिथून जेसल पार्कची खाडी, समोर रेल्वेच्या पुलाखाली पाणजू बेट. मग रूळ ओलांडून मुर्धे, राई, मोर्वा, आणि डोंगरीवरून उत्तन. वळणे धरून पंधरा-वीस किलोमीटर. उत्तनला बोंबील वाळवायच्या वलांड्यांच्या आसपास हिवाळ्यात कुरव घिरट्या घालतातच. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या महापालिकेच्या हद्दीत एका दिवसात चिखल, खाडी, टेकडी आणि समुद्र बघायला मिळतो, हे मीरा-भाईंदरच्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. जिथे कुंपण घालून मज्जाव केला असेल तिथून सभ्यपणे वळसा घ्यावा, आणि मिठागराच्या बांधावरून जाताना तिथल्या मजुरांना विचारून जावे. बांध त्यांचा आहे.

हिशेब सोपा आहे. वीस किलोमीटरला किलोमीटरमागे दहा रुपये म्हणजे एका देणगीदाराचे दोनशे. एका चालणाऱ्याने सोसायटीत, ऑफिसात, लोकलच्या डब्यात मिळून पन्नास जण गाठले तर दहा हजार. असे चाळीस चालणारे मिळाले की चार लाख. चार लाखांत मिठागर विकत येत नाही, पण दोन हिवाळ्यांची नीट गणना, एक स्कोप आणि एका तरुणाचे वर्षभराचे मानधन येते.

‘हे पैसे सरकारने द्यावेत’ असे म्हणणारे भेटतीलच. द्यावेतच, पण ज्या जागेला सरकारचे नियम पाणथळ मानत नाहीत तिथले पक्षी मोजायला सरकार पैसे देईल, ही आशा भाबडी आहे. दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे, आणि तो शांती नगरातला व्यापारी पहिल्याच मिनिटाला विचारील: पैसे कुणाच्या खात्यात? त्याचे उत्तर तयार ठेवूनच निघावे. गणपतीच्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे ४१ सी कलम पक्षिमित्रांनाही सोडत नाही. त्यापेक्षा आधीच नोंदलेल्या, देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या संस्थेच्या नावाने पावत्या फाडाव्यात, रोख घेऊ नये, आणि यात्रेनंतर महिन्याभरात जमाखर्च सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर लावावा, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी. पाहिलेल्या जातींची यादीही तिथेच लागावी. यादी फुगवली आहे का, हे कबुतराला दाणे घालणाऱ्या काकूंना कळणार नाही, पण दहा-बारा जणांना नक्की कळेल, आणि ते बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

तारखेचे तेवढे बघावे. पक्षी सप्ताहात यात्रा काढण्याचा मोह होईल, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावसाळा नुकताच सरलेला असतो, मिठाची कामे पुरती लागलेली नसतात आणि पाहुणे पक्षीही अजून येतच असतात. जानेवारीत गणना असते आणि मॅरेथॉनही असते. फेब्रुवारीचा पहिला रविवार बरा, आणि निघायची वेळ भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवावी, ध्वनिक्षेपकवाल्याच्या सोयीने नव्हे. ध्वनिक्षेपक तर नकोच.