हुकूमशहा येण्यापूर्वी

साम्यवाद म्हटला की हुकूमशहा आलाच, हा सिद्धान्त भांडवलशाहीच्या कैवाऱ्यांनी इतक्या वेळा घोकला आहे की तो तपासून पाहण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. डाव्या अभ्यासवर्गांतील ठरीव उत्तरही तितकेच आळशी आहे: तत्त्वज्ञान निर्दोष होते, स्टालिन तेवढा वाईट निघाला. मार्क्सचे नाव घेणाऱ्यांनी सारा इतिहास एका माणसाच्या स्वभावावर सोपवून मोकळे व्हावे, हे विशेषच!

स्टालिनच्या हाती सत्ता आली तेव्हा ती आधीच एका जागी गोळा झालेली होती; आणि ती गोळा करणारे बहुतेक त्यागी, प्रामाणिक क्रांतिकारक होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये संविधानसभेच्या निवडणुका झाल्या. बोल्शेव्हिकांना सुमारे एकचतुर्थांश मते पडली. सर्वांत मोठा पक्ष ठरला तो शेतकऱ्यांत पाळेमुळे असलेल्या सोशलिस्ट रेव्होल्यूशनरींचा. जानेवारी १९१८ मध्ये ही सभा एकदाच भरली आणि दुसऱ्याच दिवशी बरखास्त करण्यात आली. त्याच वर्षी जर्मनीच्या तुरुंगातून रोझा लुक्झेंबुर्ग यांनी क्रांतीचे मनःपूर्वक स्वागत करतानाच बजावले होते की, निवडणुका, वृत्तपत्रे व सभा यांचे स्वातंत्र्य गेले की लोकजीवन कोमेजते आणि मागे फक्त नोकरशाही उरते.

यावर यादवी युद्धाचा आणि परकीय आक्रमणाचा दाखला दिला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. १९२० संपेपर्यंत युद्ध बव्हंशी जिंकले गेले होते, आणि फास आवळला गेला तो त्यानंतर. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नाविकांनी सोव्हिएतांच्या गुप्त मतदानाने फेरनिवडणुका मागितल्या. त्यांच्यावर फौज धाडली गेली. त्याच दिवसांत भरलेल्या पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गट बांधण्यास बंदी घातली. हा नियम उद्या आपल्यावरच उलटेल, ही शंका कार्ल राडेकने तिथेच बोलून दाखवली आणि मत मात्र ठरावाच्या बाजूने दिले. पुढे १९३७ च्या खटल्यात त्याला शिक्षा झाली व १९३९ मध्ये तो कैदेतच मारला गेला.

एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला. काम कंटाळवाणे: कोणाला कोठे नेमायचे, कोणाला हलवायचे. पण नेमलेली माणसेच अधिवेशनाचे प्रतिनिधी होऊन येत, हे इतरांच्या ध्यानी येईतो उशीर झाला होता. जानेवारी १९२३ मध्ये आजारी लेनिनने त्याला त्या जागेवरून हलवण्याची सूचना टिपून ठेवली. ती १९२४ मध्ये प्रतिनिधींना वाचून दाखवण्यात आली. स्टालिन जागेवरच राहिला. पक्षाबाहेर दाद मागायला ना सभागृह उरले होते, ना वृत्तपत्र. १९३४ च्या अधिवेशनातील १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढे अटक झाली, हा आकडा १९५६ मध्ये खुद्द ख्रुश्चेव्हने दिला.

आता भारताकडे पाहावे. १९५७ साली केरळात कम्युनिस्ट निवडून आले. १९५९ मध्ये ते सरकार बरखास्त केले केंद्रातील काँग्रेसने. पश्चिम बंगालमध्ये १९७७ पासून चौतीस वर्षे राज्य करणारी डावी आघाडी २०११ मध्ये हरली आणि निमूटपणे पायउतार झाली. खेड्यापाड्यांत तिची दहशत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पक्षरचना लेनिनच्याच नमुन्याची होती. फरक इतकाच की न्यायालये, विरोधी पक्ष आणि निवडणुका मोडणे तिच्या हाती नव्हते.

१९७५ ची आणीबाणी लादणारा पक्ष तर साम्यवादी नव्हताच. मात्र तेच ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या दोन पक्षांपैकी मार्क्सवादी पक्षाने तिला विरोध केला आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पाठिंबा दिला. तो पाठिंबा चुकला, अशी कबुली त्या पक्षाने १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात दिली. तोवर मतदारांनी आणीबाणीचे सरकार घालवून वर्ष उलटले होते.