भंगार कुणाच्या मालकीचे?

मुले संगणकासमोर बसली, की ‘वेळ फुकट चालला’ असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून हमखास निघते. ती तक्रार अगदीच खोटी नाही. पण पडद्यावरचा सगळाच प्रकार गोळीबाराचा नसतो. तिथे बाजार असतो, कारागीर असतात आणि भंगार वेचणारेही असतात.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ साली ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला. अवकाशात खाणकाम करायचे, खनिजातून जहाजे बांधायची आणि बाजारात विकायची, असा त्यातला संसार. फुटलेले जहाज परत मिळत नाही. २००६ पासून मात्र त्याच्या सांगाड्यातून कामाचे तुकडे काढता येऊ लागले. त्यांतून कारागीर जहाजांचे ‘रिग’ नावाचे जोडभाग घडवतात.

साहजिकच वाद उभा राहिला. जहाज फोडले एकाने, तुकडे नेले भलत्यानेच. ही चोरी नव्हे काय? कंपनीचा निवाडा असा, की सांगाड्यातला माल उचलला तर ती चोरी. भंगार मात्र काढेल त्याचे. मला हा निवाडा पटतो. टाकाऊ वस्तूला मोल येते ते तिच्यावर कष्ट करणाऱ्यामुळे.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये कच्चा माल मोजकाच ठेवला होता. वस्तू मोडल्या, की तो फिरून जगात यावा, ही योजना. खेळाडूंनी वस्तू घरात साठवून ठेवल्या, माल अडकला आणि ती योजना गुंडाळावी लागली. ‘ईव्ह’मध्ये उलट. जानेवारी २०१४ मधल्या एका लढाईत ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. नुकसानीचा अंदाज सुमारे ३ लाख डॉलर! कारागिरांना केवढे काम मिळाले असेल!

इथेच मी थबकतो. कारागिराची चूल दुसऱ्याच्या विध्वंसावर पेटावी, हे खेळात ठीक. खऱ्या जगात वस्तू वापरानेही झिजतात. चांभाराला आणि शिंप्याला त्यासाठी लढाई लागत नाही. शस्त्रे विकणाऱ्याला मात्र लागते.

तेव्हा मुलांना खेळू नका म्हणण्यापेक्षा शेजारी बसून एवढेच विचारावे: “तुझे दुकान आज चालले, ते कुणाचे जहाज फुटले म्हणून?” उत्तर देताना मूल क्षणभर विचारात पडले, तरी तो वेळ फुकट गेला असे मी म्हणणार नाही.