अंगावर चरबी नाही, तरीही मधुमेह

सडपातळ माणसाला मधुमेहाची भीती नाही, असा सर्वसाधारण समज आहे. पण काही कुटुंबांत चरबीचा अभावच मधुमेहाला आमंत्रण देतो. या आनुवंशिक विकाराला ‘लिपोडिस्ट्रॉफी’ म्हणतात. तो क्वचितच आढळतो, म्हणूनच ओळखायला वर्षे जातात.

त्याच्या एका प्रकाराचे वर्णन १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील डॉक्टर डनिगन यांनी केले. यात बालपणी शरीर इतरांसारखेच असते. वयात येताना मात्र हात, पाय आणि नितंबांवरची चरबी नाहीशी होऊ लागते. स्नायू व शिरा उठून दिसतात, तर चेहरा, हनुवटीखालचा भाग आणि मान भरत जाते. पुरुषाचे असे हातपाय व्यायामाने कमावलेले वाटतात आणि दोष लक्षात येत नाही. स्त्रियांमध्ये हा बदल अधिक ठळक दिसतो.

याला कारणीभूत असलेले जनुक २००० साली सापडले. पेशीच्या केंद्रकाला आधार देणारे ‘लॅमिन’ हे प्रथिन त्या जनुकामुळे तयार होते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी विकार होतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता ५० टक्के असते.

चरबीच्या पेशी म्हणजे शरीराची कणगी. कणगीत जागा नसली की धान्य घरभर सांडते. तशीच इथे चरबी यकृतात आणि स्नायूंत साचते. इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात. ते फार वाढले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हृदयविकाराचाही धोका असतो.

चरबीच्या पेशी भूक आवरणारे ‘लेप्टिन’ हे संप्रेरकही तयार करतात. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात लिपोडिस्ट्रॉफीच्या नऊ रुग्णांना चार महिने लेप्टिनची इंजेक्शने दिली गेली. त्यांचे ट्रायग्लिसराइड सरासरी ६० टक्क्यांनी घटले, रक्तातील साखरही उतरली. सर्वांगाची चरबी नाहीशी झालेल्या रुग्णांसाठी या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. गेलेली चरबी मात्र त्याने परत येत नाही.

रोजच्या उपचारात कमी स्निग्ध आहार, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम आणि मद्य वर्ज्य करणे यांना महत्त्व आहे. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी ट्रायग्लिसराइड आणखी वाढू शकतात, म्हणून त्या टाळाव्या लागतात.

बारीक हातापायांच्या तरुण मुलीला मधुमेह झाला, तर ‘गोड फार खाते’ म्हणून तिला बोल लावू नये. आई, मावशी, आत्या किंवा भावंडांची ठेवण तशीच असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. एकीचे निदान झाले की घरातील इतरांचीही वेळीच तपासणी करता येते.