‘राजा हरिश्चंद्र’ची ती क्लिप खरंच १९१३ ची आहे का?

दरवर्षी ३ मे आला की सिनेप्रेमींच्या ग्रुपवर एक ब्लॅक अँड व्हाइट क्लिप फिरू लागते. राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण चालवायला शिकवतोय. क्लिप कुणी टाकली ते कळत नाही, पण कॅप्शन ठरलेली असते: भारताचा पहिला चित्रपट, साल १९१३, शूटिंग दादर. यातलं बरंचसं खरं असलं, तरी क्लिपचं साल खात्रीने सांगता येत नाही.

१९१३ मध्ये काय घडलं?

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या आपल्या स्टुडिओत तयार केला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी लागला. चित्रपट चार रिळांचा होता. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष कलाकाराने केली होती.

मग गोंधळ कुठे आहे?

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या चित्रपटाचं पहिलं आणि शेवटचं रीळ म्हणून जे जपलंय, त्यातलीच दृश्यं ऑनलाइन फिरतात. मात्र काही चित्रपट-इतिहासकारांच्या मते ही रिळं १९१७ च्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत. फाळक्यांनीच हीच कथा तेव्हा पुन्हा चित्रित केली होती. तोवर त्यांचा मुक्काम दादरहून नाशिकला हलला होता. म्हणजे हे मत बरोबर असेल, तर कॅप्शनमधलं साल आणि गाव दोन्ही चुकतात.

‘पहिला’ कोणता?

यावरही वाद आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी याच कोरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं. त्यामुळे पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट हा मान सहसा ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो.

चार वर्षांच्या फरकाने काय बिघडतं?

क्लिप बघून आपला पहिला चित्रपट शाबूत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही रिळं १९१३ ची मानली, तरी मधली दोन हाती नाहीत. ती १९१७ ची असतील, तर गिरगावच्या प्रेक्षकांनी पाहिलेल्या चित्रपटाचा एकही तुकडा आपल्याकडे नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घेई, नीट न ठेवल्यास विरघळूनही जाई. भारतातले बहुतेक मूकपट असेच संपले. ते गेलेत हे आधी कळलं, तरच कुणी घरातली जुनी ट्रंक उघडून बघेल.

कॅप्शन कशी लिहावी?

‘फाळक्यांच्या हरिश्चंद्रपटाची उरलेली दृश्यं, १९१३ ची की १९१७ ची, यावर मतभेद’ एवढं पुरे. चुकीची पोस्ट दिसली तर टाकणाऱ्याची खिल्ली न उडवता कमेंटमध्ये हीच ओळ लिहावी. पुढचा माणूस तीच कॉपी करेल.