शेणखत टाका म्हणे, पण गोठा कुणाचा?

हिंगोली जिल्ह्यातील साखरा या गावाचे नाव गोड, पण आज आम्हांला लिहायचे आहे ते मिठावर. मराठवाड्याच्या काळ्या, चिकण रानात बोअरचे वा कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे ओतले आणि निचरा नसला, की जमीन बिघडते. पांढरा थर धरते ती खारवट. ओली असता चिकटते, वाळली की दगड होते आणि पाणी जिरू देत नाही, ती चोपण. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात हजारो एकर जमीन अशीच नासली. अशा रानात घेवडा, कांदा आधी माना टाकतात. पालक, बीट तग धरतात.

उपाय ठाऊक आहे. शेणखत, कंपोस्ट वा गाडलेला ढैंचा मातीला भुसभुशीत करतो. सेंद्रिय आम्ले मातीतला चुना विरघळवतात, त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि पाण्याबरोबर क्षार खाली जातात. मात्र खाली जायला वाट हवी. चर नसेल तर खत घालूनही मीठ जागेवरच राहते, हे खत विकणारे सांगत नाहीत.

आता आमचा सवाल. भाजीपाल्याला हेक्टरी 20 ते 25 टन शेणखत सांगतात. ज्याच्या दारात एक शेळी आहे, त्याने ते आणायचे कुठून? 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरील दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 रोजी निघाला. तरीही कित्येकांच्या नावे सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून अनुदानाचे बियाणे नाही. ज्या जमिनीला बाकीचे पोटखराब म्हणतात तीच आमच्या माणसांनी कसली, आणि माती सुधारण्याच्या योजनेतून तीच वगळली!

ढैंच्याला गोठा लागत नाही. जूनमध्ये पेरायचा, फुलावर येण्याआधी, दीड महिन्याने गाडायचा. रब्बीला त्याच रानात पालक-मेथी. बियाणे लागते ते थोडेच. कृषी खात्याने ते कसणाऱ्याच्या हाती द्यावे, सातबारा न मागता. ग्रामसभेने कसणाऱ्यांची यादी करून द्यावी. माती-पाण्याची तपासणी त्याआधी हवी, कारण जिप्सम चोपणीला चालतो, नुसत्या खारवटीला नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ काही लांब नाही. आणि हे सारे मे महिन्यात व्हावे. पाऊस पडून गेल्यावर आलेले बियाणे आम्ही पुष्कळ पाहिले आहे.