मास्तरांचा तंबुरा

आपल्यापैकी अनेकांना कबीर भेटला तो कुमार गंधर्वांच्या आवाजात. क्षयाने आजारी असलेले कुमारजी १९४८ साली देवासला गेले आणि तिथलेच झाले. माळव्यातल्या जोग्यांच्या निर्गुणी भजनांचे ऋण त्यांच्या गाण्यात स्पष्ट ऐकू येते. पण ते सूर जिथून आले, तिथल्या भजनमंडळ्या आपण कितीशा ऐकल्या? यंदाच्या दिवाळी अंकाचे पहिले पान आम्ही त्यांच्यातल्या एका गायकासाठी राखले आहे.

प्रह्लादसिंह टिपानिया यांचा जन्म १९५४चा, उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचा. पेशा शाळामास्तराचा. तरुणपणी कानी पडलेल्या तंबुऱ्याने त्यांना कबीराकडे ओढून नेले. माळव्याचा हा तंबुरा मागे बसून सूर भरणारा नाही. पाच तारांचे हे वाद्य गाणारा स्वतःच छेडतो, तार सुराबरोबर तालही धरते, आणि त्याच्या दुसऱ्या हातात करताल वाजत असते. सोबतीला ढोलक, मंजिरा, व्हायोलिन. आधी मोकळी साखी (दोहा), मग भजन. टेक आली की साथीदार ती उचलून धरतात. रंग चढलेला असतानाच मास्तर थांबतात, साध्या बोलीत अर्थ सांगतात, समोरच्यांना प्रश्न विचारतात आणि पुन्हा तार छेडतात. कीर्तनात वाढलेल्या मराठी कानाला ही रीत ओळखीची वाटेल.

कोणती ओळ परत परत यायची, कुठल्या शब्दावर श्वास घ्यायचा, कुठे गती वाढवायची, हे ठरवणारा गायक कवितेचा फार बारकाईने विचार करत असतो. त्याच्या चालीमुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही एका ओळीच्या सहवासात रात्र काढता येते. माळव्यात ही पदे प्रामुख्याने दलित वस्त्यांनी जपली. जातीचा काच रोज सोसणाऱ्यांनी कबीर गावा, यात नवल नाही. सगळी माणसे सारखीच, याचा पुरावा म्हणून त्यांना तो हवा होता. १९९०च्या दशकात देवासला ‘एकलव्य’ संस्थेने मंच उभा केला, तेव्हा गावोगावच्या मंडळ्या तिथे जमून रात्रभर गात आणि गायलेल्यावर वादही घालत. पुढे शबनम विरमाणी यांच्या माहितीपटांनी टिपानियांचा आवाज शहरांपर्यंत नेला, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मानसन्मान आनंदाचेच, पण आम्हाला मोलाचा वाटतो तो गाता गाता थांबून लोकांना प्रश्न विचारणारा मास्तर.

नामदेव-तुकोबांचे अभंग आजही चालींवर जगतात. आजची मराठी कविता मात्र बहुतेक वेळा मूकपणे वाचली जाते, आणि ज्यांच्याविषयी ती लिहिलेली असते त्यांच्या कानांवर क्वचितच पडते. ही खंत मनात धरून आम्ही या अंकासाठी कविता निवडल्या. प्रत्येक कविता मोठ्याने वाचून पाहिली, आणि प्रत्येकीला स्वतंत्र पान दिले. फराळाला घरची माणसे जमतील तेव्हा त्यांतली एखादी मोठ्याने म्हणा. कुणाला चाल सुचली, तर ती ध्वनिमुद्रित करून आमच्याकडे जरूर पाठवा.