गुणपत्रिका मिळाली, उत्तरपत्रिकेचे काय?

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर आकडे झळकतात, काही दिवसांनी शाळेतून छापील गुणपत्रिका हाती पडते आणि वर्षभराच्या परिश्रमांचा हिशेब मिटतो. सत्तर गुण मिळाले एवढे कळते. उरलेले तीस कुठे व का गेले, हे कळत नाही. न्यायालयही निकालाची कारणे नोंदवते. परीक्षेने मात्र ती सांगण्याचे बंधन स्वतःवर कधी घालून घेतले नाही.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्यांना सहजासहजी मिळालेला नाही. राज्य शिक्षण मंडळाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला होता. परंतु १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि उत्तरपत्रिका दाखविण्यास व पुनर्मूल्यांकनास मनाई करणारा मंडळाचा नियम वैध ठरवला. पुढे २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता आली पाहिजे, असा निर्वाळा दिला. परीक्षकाचे नाव तेवढे गोपनीय राखले. आता राज्य मंडळही छायाप्रत देते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो.

लाखो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीत तपासणाऱ्या मंडळाच्या अडचणी खऱ्या आहेत. प्रत्येक गुणावर वाद सुरू झाला, तर पुढील प्रवेशांचे वेळापत्रक कोलमडेल, ही भीतीही अनाठायी नाही. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला ही सबब लागू पडत नाही. आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

अनेक शाळांत वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुलांना पाहावयास मिळत नाहीत. प्रगतिपुस्तक तेवढे घरी येते. घटक चाचणीचे पेपर मिळतात, पण कसे? गुण मोठ्याने वाचून दाखवत, उतरत्या क्रमाने. शेवटी ज्याचे नाव येते, तो मान खाली घालून पेपर घेतो आणि न उघडताच दप्तरात कोंबतो. ज्याला आपल्या चुका पाहण्याची सर्वाधिक गरज, तोच त्या पाहत नाही. घरी पालक सही करतात. पण तीही आकडा पाहूनच.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे आणि ज्ञान वापरण्याच्या क्षमतेचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन अपेक्षिले आहे. उत्तरपत्रिका न दाखवता वा तिच्यावर चर्चा न करता हे कसे साधणार? चूक कळली नाही, तर ती पुढच्या इयत्तेत सोबत येते. सातवीतील अपूर्णांकांचा गोंधळ नववीच्या बीजगणितात डोके वर काढतो आणि मुलावर ‘गणितात कच्चा’ असा कायमचा शिक्का बसतो.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक परीक्षेनंतर प्रत्येक विषयाची एक तासिका पेपरवरील चर्चेसाठी राखून ठेवावी. गुण जाहीर न वाचता पेपर ज्याच्या त्याच्या हाती द्यावा. लाल शाईच्या फुलीशेजारी दोन शब्दांचे कारण लिहावे आणि चुकलेले उत्तर मुलाकडून पुन्हा लिहून घ्यावे. यासाठी शिक्षकाला वेळ हवा. म्हणून अशैक्षणिक कामांचा त्याच्यावरील बोजा कमी करणे ही शासनाची जबाबदारी ठरते.

पालकांनीही ‘किती मिळाले?’ यापूर्वी ‘काय चुकले?’ असे विचारावे, आणि ते शांतपणे विचारावे. पालकसभेत शुल्क आणि गणवेश यांच्याबरोबर हा विषयही आग्रहाने मांडला गेला पाहिजे.